खबर नाही, खैर आहे

“सहलीला गालिचा कशाला?” झुवैनाने दारातून विचारलं.

हमूदने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गुंडाळलेला गालिचा गाडीच्या मागच्या बाजूला रेटला. गालिचा कोरा करकरीत होता. तीन आठवड्यांपूर्वी हमूद कचेरीतून निवृत्त झाला, तेव्हा साहेबांनी टाळ्यांच्या गजरात तो त्याच्या खांद्यावर ठेवला होता आणि त्या भाराने हमूदला खुर्चीत बसावं लागलं होतं. कोपऱ्यात सोनेरी धाग्याने विणलं होतं : ‘तीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल.’

“वाळूवर बसायला,” तो शेवटी म्हणाला.

“बसायला चटई आहे. आणि हे हलव्याचे दोन डबे? तेही बसायला?”

“वाळूत भूक लागते.”

झुवैनाने पुढे विचारलं नाही. हमूद खोटं बोलला की डोक्यावरची टोपी सारखी करायचा, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. आत्ता त्याने ती तीनदा सारखी केली होती.

तेवढ्यात रय्या किल्ली फिरवत बाहेर आली. ही त्यांची लेक. शाळेत गणित शिकवायची आणि घरात सगळ्यांच्या चुका मोजायची. तिच्या मैत्रिणी दर हिवाळ्यात वाळूच्या टेकड्या बघायला जायच्या, आणि दर हिवाळ्यात हमूद म्हणायचा, “पुढच्या हिवाळ्यात जाऊ.” या शनिवारी मात्र तो आपण होऊन म्हणाला होता, “चला.” रय्याला वाटलं, बाबा निवृत्त झाल्यामुळे मोकळे झाले. झुवैनाला तसं वाटलं नाही.

मस्कत मागे पडलं, डोंगर मागे पडले. बिदियाकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर हमूद खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या पोटात एक वाक्य होतं. सहा वर्षांपासून होतं. ‘भावा, फोन मी कापला.’ चारच शब्द, पण ते पोहोचवायला अडीच तासांचं डांबर आणि त्यापुढची वाळू ओलांडावी लागणार होती.

हमूदची आई बाळंतपणात गेली, तेव्हा शेजारच्या तळावरच्या अम्मा गझालाने त्या कोवळ्या जिवाला उचललं आणि आपल्या मुसल्लमबरोबर ओढणीखाली घेतलं. तेव्हापासून मुसल्लम त्याचा दूधभाऊ. दोन मांड्यांवर दोघांना घेऊन अम्मा गायची :

एक माझ्या कुशीचा, एक माझ्या दुधाचा,
वाळूबाई, सांगू नको, कोण कुठल्या आईचा.

वाळूबाईने कधी सांगितलं नाही. हमूद शाळेपायी शहरात गेला, तिथेच चिकटला, आणि वाळूत जाणं दर महिन्याचं होतं ते दर वर्षाचं झालं.

वाळूतल्या बेदू माणसांची एक रीत आहे. भेटलं की आधी खबर विचारायची. पण पहिल्यांदा विचारलं म्हणून कुणी खबर सांगत नाही. उंटीण मेलेली असो की मुलगा झालेला असो, “खबर नाही, खैर आहे,” म्हणजे सगळं कुशल, एवढंच म्हणायचं. मग कहवा, वेलचीची बिनसाखरेची कॉफी, येतो. दुसऱ्यांदा विचारतात, तेव्हाही खैर. तिसऱ्यांदा विचारलं की मग खरं. समोरचा नीट टेकलेला असावा, घसा ओला असावा, मगच बऱ्यावाईटाचं ओझं त्याच्या हाती द्यावं.

फोनवर मात्र कहवा नसतो. सहा वर्षांपूर्वी मुसल्लमचा फोन आला, तेव्हा हमूद कचेरीतल्या बैठकीत होता. “खबर काय?” त्याने कुजबुजत विचारलं. “खबर नाही, खैर आहे,” मुसल्लम धापा टाकत म्हणाला. “अल्हम्दुलिल्लाह!” म्हणत हमूदने फोन बंद केला आणि बंद फोनलाच म्हणाला, “बैठकीत आहे रे, नंतर करतो.” ते नंतर राहूनच गेलं. बैठक समुद्रकाठच्या कचऱ्याच्या डब्यांना कोणता रंग द्यावा यावर होती. तिकडे अम्मा गझाला अंथरुणाला खिळली होती आणि हमूदचं नाव घेत होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. हमूदला ते अकराव्या दिवशी बकऱ्यांच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाकडून कळलं.

डबे शेवटी हिरवेच राहिले.

एवढ्या उशिरा कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून तो गेला नाही. न गेल्याची लाज वाटली, म्हणून पुढच्या वर्षी गेला नाही. मग लाजेलाही वर्षं झाली.

डांबर संपतं तिथे एक टायरवाला बसतो. आत जाणाऱ्यांच्या टायरची हवा सोडायची आणि बाहेर येणाऱ्यांची भरायची, हा त्याचा धंदा. त्याने चारही चाकं मऊ करून दिली. हमूद रय्याशेजारी सरसावून बसला. जन्मभूमीचा वारा नाकात शिरताच त्याला एकदम अंगात आल्यासारखं झालं.

“वाळूत तीन नियम,” तो म्हणाला. “चढावर थांबायचं नाही. उतारावर ब्रेक दाबायचा नाही. आणि मी घाबरून ‘थांब’ म्हणालो, तरी थांबायचं नाही.”

“लिहून देता का?”

“चेष्टा नको. चल.”

“फोनवर नकाशा लावू?”

“नकाशा पाहुण्यांना लागतो. मी इथं दूध प्यालोय.”

“साठ वर्षांपूर्वी,” झुवैना मागून म्हणाली.

सकाळचं ऊन तिरकं पडलं होतं. प्रत्येक टेकडीची एक कूस सोन्याची आणि एक सावलीची. गाडी होडीसारखी चढत होती, उतरत होती. रय्याला मजा वाटू लागली.

“आता बसलेल्या उंटासारखी टेकडी दिसेल. तिथून उजवीकडे.”

“बाबा, सगळ्याच बसलेल्या उंटासारख्या आहेत.”

“मान वळवून बसलेला उंट.”

“कुठल्या बाजूला वळवून?”

वाळूचे उंट वाऱ्याबरोबर मान फिरवतात, हे तो शहरात विसरला होता. त्यांनी एका उंटाला वळसा घातला, मग दुसऱ्याला, आणि चौथ्या उंटापाशी स्वतःच्याच चाकांच्या खुणा भेटल्या. “बघ, म्हणजे रस्ता चालू आहे,” हमूद म्हणाला. रय्याने आरशातून आईकडे बघितलं. आई बोटाने तसबीहची माळ ओढत होती.

एका उंच चढाच्या मध्यावर हमूदला ते झाड दिसलं. ज्याच्या सावलीत अम्मा बकऱ्या बांधायची, ते गाफचं झाड. त्याच्या छातीत काहीतरी लकाकलं.

“थांब!” तो ओरडला.

रय्याने वेग वाढवला.

“अगं थांब! थांब म्हणतो ना!”

“तिसरा नियम, बाबा!”

“रय्या, थांब बघू,” झुवैना घाबरून म्हणाली. “यांचा चेहरा बघ कसा झालाय.”

आईसाठी नियम नव्हता. रय्याने ब्रेक दाबला. गाडीने एक उसासा सोडला आणि चढावरच मागच्या दोन्ही चाकांवर बसली, अगदी बसलेल्या उंटासारखी.

हमूद उतरून झाडापाशी जाऊन आला. ते झाड ते नव्हतं. गाफ सोडाच, ती एक खुरटी बाभूळ होती आणि तिला हमूदशी काही देणंघेणं नव्हतं.

“थांब कोण म्हणालं?” त्याने परत येऊन विचारलं.

“तुम्ही तीनदा, आई एकदा,” रय्या म्हणाली.

मग खणणं सुरू झालं. हाताने, ताटलीने, किटलीच्या झाकणाने. जेवढी वाळू काढावी तेवढी वरून येत होती. चाकाखाली घालायला चटई घातली, ती चाकाने मागे भिरकावली आणि वाऱ्याने पुढच्या टेकडीवर नेली. तिघांनी तिच्याकडे बघितलं. मग तिघांनी हळूहळू गालिच्याकडे बघितलं.

“नाही,” हमूद म्हणाला.

“बाबा, दुसरं आहे काय?”

“तो मुसल्लमसाठी आहे.” शब्द तोंडातून निसटून गेला.

झुवैनाने सुटकेचा श्वास टाकला. “आला एकदाचा खरा पाहुणा ओठावर. रय्याचे बाबा, सहा वर्षं मी वाट बघतेय तुम्ही कधी म्हणता ‘मुसल्लमकडे जाऊ’. टेकड्या बघायच्या म्हणे! टेकड्या काय, घराच्या मागेही आहेत.”

“त्या दगडाच्या आहेत,” हमूद पुटपुटला. पण गालिचा त्याने स्वतःच ओढून काढला. मुसल्लमपर्यंत पोहोचलोच नाही, तर गालिचा काय घराच्या छतावर घालायचा? त्याने तो चाकाखाली नवरीच्या पायघडीसारखा अंथरला. रय्याने गाडी चालू केली. चाक घुमलं, गालिचा हिसकला, आणि तीस वर्षांची सेवा धुरळ्यासकट मागे उडाली. गाडी आणखी चार बोटं खाली गेली. हमूदच्या हाती एक कोपरा उरला. ‘अखंड’ बरोबर मधोमध फाटला होता.

“मी चालत जाऊन येतो,” तो म्हणाला. “तळ जवळच असणार.”

“कुठल्या बाजूला?”

त्याने टोपी सारखी केली. “त्या बाजूला.”

हलव्याचा एक डबा काखेत मारून तो निघाला. रिकाम्या हाताने दूधभावाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. पहिली टेकडी तो ऐटीत चढला. दुसऱ्या टेकडीच्या उतरणीवर वाळूने त्याची उजवी चप्पल गिळली. त्याने गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात घालून बघितला. चप्पल नाही. ती शोधताना काखेतला डबा सुटला, गडगडत खाली गेला आणि तळाशी जाऊन उघडला. हमूद खाली पोहोचेपर्यंत वाऱ्याने आपलं काम केलं होतं. हलव्यात वाळू की वाळूत हलवा, सांगता येत नव्हतं. तरी त्याने झाकण लावलं आणि डबा पुन्हा काखेत घेतला. टाकवेना.

तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर, एका पायात चप्पल घालून, तो चारही दिशांना बघत उभा राहिला. लहानपणी या वाळूत त्याला डोळे बांधून सोडलं असतं तरी तो अम्माच्या चुलीपाशी पोहोचला असता. आता डोळे उघडे होते आणि काही ओळखीचं नव्हतं. वाळूबाई त्याला ओळख द्यायला तयार नव्हती. तिने तरी का द्यावी?

आणि मग घरघर ऐकू आली. टेकडीच्या कुशीतून एक पिकअप वर आली. मागे आठ-दहा बकऱ्या, पुढे चाक धरून एक तरुण बाई, तोंडावर बेदू बायकांचा काळा मुखवटा. गाडी हमूदपाशी थांबली. काच खाली झाली.

“अस्सलामु अलैकुम, काका.”

“वालैकुम अस्सलाम, पोरी!” हमूदला रडू यायचंच बाकी होतं.

“खबर काय?”

आणि हमूदची जीभ, साठ वर्षांची मुरलेली जीभ, त्याला न विचारता बोलून गेली, “खबर नाही, खैर आहे.”

“अल्हम्दुलिल्लाह! येते मग, बकऱ्या उन्हात आहेत,” असं म्हणून तिने काच वर केली आणि गाडी निघून गेली.

हमूद तोंड उघडं ठेवून उभा राहिला. “अगं तीनदा विचारायचं असतं!” तो भानावर येऊन ओरडला. “दुसऱ्यांदा तरी विचार!” त्याचा आवाज शेवटच्या बकरीपर्यंत पोहोचला असावा. तिने वळून बघितलं आणि ती रवंथ करू लागली.

धूळ खाली बसली. हमूदही बसला, डबा मांडीवर घेऊन. फोन कापणाऱ्याला दुसऱ्या टोकाचं काही दिसत नाही. आज त्याला ते दिसलं. दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो. त्याच्या ओठावर खबर असते आणि समोर नुसती धूळ.

किती वेळ गेला कोण जाणे. सावल्या आखडून पायाखाली आल्या. मग पुन्हा तीच घरघर, तीच पिकअप. बकऱ्या उतरवलेल्या होत्या आणि मुखवटेवालीच्या शेजारी पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा बसला होता. तो गाडीचं दार चाचपत उतरला.

“एका पायात चप्पल,” म्हातारा लांबूनच गरजला, “काखेत डबा, कपड्यांचा रंग वाळूचा, आणि म्हणे खबर नाही! मी नुवैराला म्हटलं, अगं वेडे, त्याला सोडून कशी आलीस? एवढं सरळ तोंड ठेवून खैर सांगणारा माणूस आमच्याच आईच्या दुधावर वाढलेला असणार. हमूदच तो!”

“मुसल्लम!”

दोघं बेदूंच्या रीतीने नाकाला नाक लावायला पुढे झाले. मुसल्लमचं नाक आधी हमूदच्या कानाला लागलं, मग गालाला, आणि तिसऱ्या खेपेला नाकावर आलं. दोघांनाही हसू फुटलं.

“माझी नुवैरा. एवढीशी होती, तेव्हा बघितलीस तू,” मुसल्लम म्हणाला. “बरं, खबर काय?”

“खबर नाही, खैर आहे. तुझी खबर काय?”

“खैर आहे, खैर आहे.”

“काका,” नुवैरा गाडीतून म्हणाली, “तुमच्याबरोबर कुणी आहे का?”

तेव्हा कुठे हमूदला आपली बायको आणि मुलगी आठवली.

रुतलेल्या गाडीपाशी झुवैना आणि रय्या दुसऱ्या डब्यातला हलवा खात बसल्या होत्या. डबा निम्म्यावर आला होता. “काळजीने,” झुवैना म्हणाली. मुसल्लमने तिची खुशाली विचारली, तिच्या भावांची विचारली, मेलेल्या सासऱ्यांसाठी दुवा मागितली. रय्या दोर हातात घेऊन ताटकळत होती.

“काका, गाडी आधी…”

“गाडी कुठं पळतेय पोरी? बसलीय ना चांगली?” मुसल्लम म्हणाला. “दोराचा आकडा तूच अडकव. माझी बोटं जाड झालीत आता.”

नुवैराने पिकअप ताणली, वाळूने कुरकुर केली आणि गाडी दात उपटावा तशी वर आली. रय्याने गालिच्याची चिंधी गोळा करून ठेवली. हमूदकडे आता द्यायला काही उरलं नव्हतं. ते एक वाक्य तेवढं होतं.

तळ कुठे होता? बाभळीच्या मागे, एका टेकडीपलीकडे. गाफचं झाडही तिथेच होतं, आणि अम्माच्या वेळेपेक्षा दुप्पट झालं होतं. हमूदने त्याच्या खोडाला हात लावला आणि पटकन काढून घेतला, जणू विचारल्याशिवाय लावला होता.

झावळ्यांच्या सावलीत पुरुष एकीकडे बसले. पडद्याच्या पलीकडे बायका बसल्या. पडदा अर्धा वर बांधलेला होता. खजूर आला. मुसल्लमने कहवा ओतला. वाटीसारखा तो चिमुकला कप त्याने बोट आत धरून भरला.

“खबर काय?” त्याने दुसऱ्यांदा विचारलं.

“खैर आहे,” हमूद म्हणाला आणि त्याने टोपी सारखी केली. “तुझी?”

“खैर आहे.”

आता तिसऱ्यांदा विचारेल, म्हणून हमूद सावरून बसला. पण भात आला. भातावर बकरं होतं, आणि बकऱ्याचा प्रत्येक चांगला तुकडा मुसल्लम चाचपून हमूदच्या पुढ्यात सरकवत होता. भरल्या तोंडाने कुणी कबुली देत नाही. मग नमाज झाली. मग मुसल्लमला झोप लागली. हमूद त्याच्या घोरण्याकडे बघत बसला. सहा वर्षं थांबलेलं वाक्य आणखी एका डुलकीसाठी थांबलं.

ऊन कलल्यावर मुसल्लम जागा झाला आणि तोंड धुऊन म्हणाला, “हां, तर हमूद, आता सांग. खबर काय?”

“भावा,” हमूद म्हणाला, “फोन मी कापला.”

“कुठला फोन?”

“अम्मा आजारी होती तेव्हाचा. तू खैर म्हणालास, आणि मी…”

“रेंज गेली होती ना?”

“नाही. मी कापला. बैठक होती.”

मुसल्लमने दाढीवरून हात फिरवला. पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं.

“कसली बैठक?” त्याने शेवटी विचारलं.

हमूदला वाटलं, निदान बैठक तरी मोठी असायला हवी होती. “कचऱ्याच्या डब्यांची,” तो म्हणाला. “रंग कोणता द्यायचा, त्याची.”

“मग कोणता दिला?”

“हिरवा. आधीचाच.”

मुसल्लमने मान समोरच्या उंच टेकडीकडे वळवली. “सहा वर्षं,” तो सावकाश म्हणाला, “सहा वर्षं मी त्या टेकडीशी बोललो नाही. रेंजसाठी हिच्यावरच चढलो होतो. मला वाटलं हिनेच ऐन वेळी रेंज तोडली. येता-जाता हिच्याकडे पाठ करायचो. बिचारी!”

“माझ्यावर राग नव्हता तुझा?”

“तुझ्यावर कशाला? मीच चुकलो होतो. खाली आलो तर आईने विचारलं, हमूद काय म्हणाला? मी म्हटलं, खैर म्हणेपर्यंत फोन गेला. ती म्हणाली, गाढवा, शहरातल्या माणसाला आधी खबर सांगायची, मग खैर. मी म्हटलं, आई, रीत आहे. ती म्हणाली, तुझी रीत होईपर्यंत मी थांबायची नाही. आणि नाही थांबली.” मुसल्लमने टेकडीकडची मान हमूदकडे वळवली. “तुझ्या दारात यायला मला तोंड नव्हतं रे. माझ्यामुळे तुझी आई तुला शेवटची भेटली नाही.”

“तोंड तर मला नव्हतं.”

“म्हणजे दोघांनाही नव्हतं,” मुसल्लम म्हणाला. मग त्याच्या दाढीतून हसू वर आलं, हमूदच्याही घशात आलं, आणि दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात मारत हसत सुटले. हसण्याच्या शेवटी मुसल्लमने फेट्याच्या टोकाने आणि हमूदने बाहीने डोळे पुसले.

“तिने शेवटी काही विचारलं माझ्याबद्दल?” हमूदने विचारलं.

“विचारलं. मी सांगितलं, हमूद खैर आहे.”

वाळूवरून वारा गेला आणि गाफची पानं हलली.

मुसल्लमने पुन्हा कहवा ओतला. “बरं, हमूद, ते मस्कतचं मोठं इस्पितळ तुझ्या घरापासून लांब आहे का रे?”

“इस्पितळ? हाकेच्या अंतरावर! पण गाड्या इतक्या असतात की काही विचारू नकोस.” हमूदच्या छातीवरून उंट उठला होता. त्याला कशावरही बोलायला आवडलं असतं. तो गाड्यांवर बोलला, सिग्नलवर बोलला, निवृत्तीच्या समारंभावर बोलला. मुसल्लम ऐकत राहिला. सावल्या लांबल्या, तशी झुवैना म्हणाली, “निघायला हवं. अंधार पडायच्या आत डांबर गाठायचंय.”

“आणखी एक कप,” मुसल्लम म्हणाला.

“नको रे, आता पुरे,” हमूदने कप हलवून परत दिला. कप हलवला की झालं, त्यापुढे कुणी आग्रह करत नाही. मुसल्लमनेही केला नाही. नुवैरा त्यांना शेवटच्या टेकडीपर्यंत वाट दाखवून गेली.

टायरवाला हवा भरू लागला. हमूद गाडीला टेकून गुणगुणत होता, एक माझ्या कुशीचा, एक माझ्या दुधाचा.

“बाबा,” रय्या म्हणाली, “मुसल्लम काकांची खबर काय होती?”

“त्याची? काही नाही. खैर आहे म्हणाला.”

“किती वेळा?”

हमूदचं गुणगुणणं थांबलं. त्याने बोटांवर मोजलं. एकदा टेकडीवर. एकदा कहव्याला. मग भात आला. मग तो स्वतःचंच बोलला.

“दोनदा,” तो म्हणाला.

“मला तर कहव्याच्या वेळचं एकदाच ऐकू आलं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंच नाहीत.”

झुवैना खिडकीतून म्हणाली, “नुवैराला मी विचारलं, वडील हल्ली गाडी चालवत नाहीत का? म्हणाली, वर्ष झालं. का, म्हटलं. म्हणाली, ते बाबाच सांगतील, त्यांना विचारलं तर.”

कानाला लागलेलं नाक हमूदला आठवलं. कपात बुडवलेलं बोट आठवलं. इस्पितळ किती लांब? आणि आपण सिग्नलवर बोललो! या वेळी फोनही नव्हता. मांडीला मांडी लावून बसून त्याने फोन कापला होता.

“तीन चाकं झाली,” टायरवाला म्हणाला. “चौथं भरू?”

“काढ,” हमूद म्हणाला.

“काय काढू?”

“हवा. तिन्ही चाकांतली.”

टायरवाल्याने रय्याकडे बघितलं. रय्याने वाकून पहिल्या चाकाची टोपी फिरवली. हवा सूं करत सुटली.

सूर्य अजून टेकड्यांच्या माथ्यावर हात टेकून उभा होता. वाळूने त्यांच्या चाकांच्या खुणा पुसल्या नव्हत्या. जणू कुणीतरी तिला सांगून ठेवलं होतं, जरा थांब. त्या खुणांवरून रय्याने गाडी अशी नेली की हमूद एकदाही ‘थांब’ म्हणाला नाही.

मुसल्लम होता तिथेच बसला होता. किटली निखाऱ्यावर होती. समोर दोन कप होते.

“पुन्हा रुतलात?” त्याने गाडीच्या आवाजाकडे तोंड करून विचारलं.

“रुतलो,” हमूद म्हणाला आणि त्याच्यासमोर बसला. त्याने निखाऱ्यावरची किटली उचलली आणि स्वतः कहवा ओतला. “मुसल्लम, खबर काय? तिसऱ्यांदा विचारतोय.”

मुसल्लमने कप दोन्ही हातांत धरला.

“खबर आहे,” तो म्हणाला. “पण आधी सांग, फोन कुठंय?”

हमूदने खिशातून फोन काढला, शेजारच्या वाळूत कोपरभर खड्डा केला, त्यात तो ठेवला आणि वरून वाळू लोटली.

“बोल,” तो म्हणाला.